उजव्या कोपऱ्यातला दगड

पडद्यावर दुसरं चित्र आलं आणि गावसभेत नाराजीची कुजबुज पसरली. पहिल्या चित्रात आजचा तलाव होता: जुलैतलं निळं पाणी, त्यात बर्चच्या झाडांची प्रतिबिंबं. दुसऱ्यात बांध काढल्यावर दिसेल तो ओढा. अरुंद, खळाळता, दोन्ही काठांना लव्हाळी.

"एवढा तलाव देऊन ही मोरी घ्यायची?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

दोन्ही चित्रं हिलेवीने तयार केली होती. ट्राउट मासे दर शरदात अंडी घालायला वर येत, बांधाच्या भिंतीवर धडका मारत आणि तिथेच संपत. बरीच वर्षं ती ते मोजत आली होती. पण हे सगळं बांधाच्या पलीकडच्या, खालच्या अंगाला घडत होतं; तलावाच्या चित्रात ते दिसणार कसं? कॉफी झाली, दालचिनीचे बन संपले. आता बांध काढायचा की ठेवायचा, यासाठी फक्त हात वर करायचे उरले होते. हिलेवीला खुर्चीत धड बसवेना.

तेवढ्यात सिक्स्टेन उठला. बांध घातला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मूळचा ओढा पाहिलेलं गावात तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि बांध ठेवा म्हणणाऱ्यांत त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा. काठी टेकत तो पडद्यापाशी गेला. उजव्या कोपऱ्यातल्या सपाट दगडावर त्याने बोट ठेवलं.

"हा दगड. आई यावर चिंध्यांच्या सतरंज्या घासायची. मी इथे बसायचो, पाण्यात पाय सोडून."

"काल सायकल कुठे लावलीस ते आठवेना तुला," अध्यक्ष गुनवोर म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

हिलेवी अर्धवट उठली. "सिक्स्टेन, हे चित्र मी अंदाजाने..."

"अंदाज कसला, पोरी? पाणी उतरू दे. पहिला मीच बसणार यावर."

आधी त्याचा हात वर गेला. मग त्याच्या रांगेतल्यांचे, मग जवळजवळ सगळ्यांचे. गुनवोरने हातोडी आपटली. बांध जाणार होता.

लोक खुर्च्या आवरू लागले. सिक्स्टेन पडद्यासमोरच उभा होता. हिलेवीने प्रोजेक्टर बंद करायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. बांधाआधीचा एकही फोटो तिला मिळाला नव्हता. चित्राचा उजवा कोपरा रिकामा वाटत होता, म्हणून तो दगड तिने स्पेनमधल्या सुट्टीच्या फोटोतून कापून तिथे ठेवला होता.