मौनीबाईची तोंडी परीक्षा

“सात आणि आठ किती?” बाईंनी पुन्हा विचारलं.

टेबलाशी उभी असलेली मुलगी फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली.

“गणित, ड!” बाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं. “चला, पुढचा कोण?”

दुसरीपर्यंत या शाळेत सगळी परीक्षा तोंडीच असे. आणि बाईंच्या वर्गात तोंडी परीक्षा म्हणजे उघडा कारभार. मुलानं टेबलाशी यायचं, उत्तरं द्यायची, आणि श्रेणी तिथल्या तिथे, सगळ्या वर्गासमोर. ‘अ’ मिळाला की टाळ्यांचा कडकडाट. ‘ब’ला जरा बेतानं. ‘ड’ला कुणीच टाळ्या वाजवत नसे. बाईंनी आपल्या मैत्रिणीच्या मुलालाही असाच सगळ्यांदेखत ‘क’ दिला होता. त्यांच्यावर पक्षपाताचा ठपका ठेवायची कुणाची टाप नव्हती. तशा त्या मायाळू होत्या. कुणाच्या नाकाला शेंबूड आला तर स्वतःच्या रुमालानं पुसायच्या. पण परीक्षा म्हणजे परीक्षा.

ही मुलगी मात्र दर परीक्षेला यायची, उभी राहायची आणि तशीच परत जायची. वर्गानं तिचं नाव मौनीबाई ठेवलं होतं. आता ही वर्षाची शेवटची परीक्षा. भाषेत सकाळीच ‘ड’ झाला होता, गणितातही झाला. म्हणजे सगळी मुलं तिसरीत जाणार आणि ही दुसरीतच बसणार.

मधल्या सुट्टीत तिची आत्या आली. आत्या दवाखान्यात नर्स होती. गणवेश न बदलताच धावत आली होती.

“अहो बाई, घरी हिचं तोंड मिनिटभर बंद नसतं! आम्ही हिला रेडिओ म्हणतो. उशा मांडून शाळा घेते, पाढे काय म्हणते, गोष्टी काय वाचते!”

बाई हसल्या. “प्रत्येकाचं मूल घरी हुशारच असतं हो. मला इथलं बघावं लागतं.”

“मग इथंच बघा ना. पण एकदा हिच्या कलानं बघा.” आत्यानं भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती आली तशी कामावर पळाली.

बाईंना हे आव्हानच वाटलं. आजवर भल्याभल्या हट्टी पोरांना त्यांनी बोलतं केलं होतं. ही टीचभर पोर त्यांच्यापुढे हार मानणार नाही म्हणजे काय! बाकीची मुलं मैदानात धुडगूस घालत होती. वर्ग रिकामा होता. बाईंनी मुलीला उचलून आपल्या खुर्चीत बसवलं.

“आज तू बाई, मी दुसरीतली मुलगी. घे माझी परीक्षा.”

मुलीचे पाय जमिनीला टेकत नव्हते.  ती खुर्चीवरून उतरली, दार लोटलं, टाचा उंच करून खिडकीही लावून घेतली.

“वारा लागतोय का गं?”

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि परत खुर्चीत चढून बसली. बोटानं बाईंना जवळ बोलावलं. बाई वाकल्या.

“उंचच्या उलट काय?” आवाज अगदी हळू होता, पण स्वच्छ.

बाईंनी मुद्दामच डोकं खाजवलं. “उंचच्या उलट… लांब?”

“लांब नाही. उंच म्हणजे मान वर करून बघावं लागतं ते. उलट म्हणजे खाली बघायचं. ठेंगणा.” थोडं थांबून तिनं विचारलं, “सात आणि आठ?”

बाईंनी बोटं मोजली, डोळे फिरवले. “चौदा!”

“आठातले तीन साताला द्या. त्याचे झाले दहा. आठाकडे राहिले पाच. आता सांगा.”

“पंधरा,” बाई म्हणाल्या. हे सगळं तोंडपाठ नव्हतं. पोर विचार करत होती, आणि समोरच्या ढ विद्यार्थिनीला न रागावता समजावतही होती. बाईंना राहवेना. त्यांनी पिशवीतून गोष्टीचं पुस्तक काढलं, आणि मुलीनं त्यातलं एक पान घडाघडा वाचून दाखवलं. लांडगा आला तिथे आवाज घोगरासुद्धा केला.

बाईंचा निर्णय झाला. दोन्ही ‘ड’ खोडायचे आणि दोन्हीकडे ‘अ’ द्यायचा. पोर तिसरीत जाणार. आपल्या युक्तीवर त्या बेहद्द खूश झाल्या. आता घंटा होऊ दे, मुलं आत येऊ देत, सगळ्या वर्गाला असं ठणकावून सांगते की पुन्हा मौनीबाई म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही!

“मला एक कळत नाही,” त्यांनी कौतुकानं विचारलं. “एवढं सगळं येतं, मग टेबलाशी आलीस की गप्प का होतेस?”

मुलगी फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळू लागली. नजर पुन्हा खाली गेली. बाईंना वाटलं, झालं, बसली परत दातखीळ. त्यांनी घाईनं खेळ पुढे नेला.

“बरं ते राहू दे. तुम्ही बाई आहात ना? मग सांगा, मला कोणती श्रेणी मिळाली?”

मुलीनं दाराकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग खुर्चीत गुडघ्यांवर उभी राहिली, बाईंच्या गळ्यात हात टाकला आणि त्यांच्या कानाला तोंड लावलं.

“ड,” ती पुटपुटली. “पण घाबरू नका हं बाई, मी कुण्णाकुण्णाला सांगणार नाही.”