काकूंनी निवडलेलं सॉफ्टवेअर

"बिल केलं की माल आपोआप कमी होतो, कर आपोआप निघतो," सॉफ्टवेअर विकायला आलेला तरुण सांगत होता. "चुकून काही दाबलं गेलं तरी हिशेब पुसला जात नाही. आणि इतकं सोपं, की कुणीही दोन दिवसांत शिकेल."

ते 'कुणीही' काकूंच्या काळजात रुतलं.

नळ-पाइपांच्या त्या दुकानाचे हिशेब त्या एकहाती सांभाळत. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. दिवसा शेजारीण डोकावून जायची, औषधं काकूंच्या पगारावर चालायची. आणि काल मालक फोनवर कुणाला तरी म्हणाले होते, "काकूंचं टेबल आता लागणार नाही." काकूंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"वापरायचं तुम्हाला आहे, तुम्हीच निवडा," मालक म्हणाले. केसानं गळा कापतात तो असा, काकूंना वाटलं.

"दुसरं दाखवा."

दुसरं म्हणजे डोक्याला ताप होता. फक्त दुकानातल्या संगणकावर चालणारं, एकच पासवर्ड, साध्या पावतीसाठी ढीगभर खिडक्या. दाखवताना तरुण स्वतःच अडखळला. "हे आता सहसा कुणी घेत नाही," तो ओशाळून म्हणाला.

"हेच बरं," काकू म्हणाल्या. "हिशेब दुकानाबाहेर जाता कामा नये."

"नक्की ना?" मालकांनी विचारलं. "पहिलं कुठूनही उघडतं म्हणे. मोबाइलवरसुद्धा."

"तीच तर भीती आहे. मी इतकी वर्षं इथे माशा नाही मारल्या."

मालकांनी पैसे चुकते केले. ते परत मिळणार नव्हते, हे तरुणानं दोनदा बजावलं. "गल्ल्याचा तळ दिसला बघा," मालक कसंनुसं हसले.

तरुण गेला तसा काकूंचा जीव भांड्यात पडला. आता त्यांच्याशिवाय हे कुणाच्या बापाला उघडणार नव्हतं.

मालक मात्र उठेनात. काउंटरच्या काचेवर बोट फिरवत बसून राहिले.

"काकू, परवा मी तुमच्या घरी जाऊन आलो. तुम्हाला सांगू नये म्हणून काकांनी शपथ घातली होती, पण आता सांगतोच. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन महिने."

काकूंनी टेबलाची कड धरली.

"पहिलं घेतलं असतं, तर उद्यापासून त्यांच्या उशाशी बसून काम करता आलं असतं तुम्हाला."