शेजारधर्मावरची अरबी म्हण

नवऱ्याबरोबर भाड्याचा फ्लॅट बघायला आलेल्या दळवीबाई लॉबीतल्या फळ्यासमोर थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. उजवीकडून डावीकडे.

सानपाड्यातल्या या सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव महिनाभर सुविचाराच्या फळ्यावर रोज एक अरबी म्हण लिहीत होते. खाली तिच्या तोडीची इंग्रजी. अरबी अक्षरं पुस्तकात बघून काढायची, रांगोळीसारखी. वाचता कुणालाच येत नसे, त्यामुळे कौतुक भरपूर होई. आजची म्हण शेजारधर्मावरची होती.

"एकही चूक नाही, काका! माझे अब्बा शाळेत अरबी शिकवायचे. त्यांना फोटो पाठवते. तुम्हीपण उभे राहा ना."

मधुकरराव फळ्याशेजारी उभे राहिले. फोटोत हसतात, म्हणून हसले.

कमिटीच्या मीनाताईंनी त्यांना लिफ्टकडे ओढलं.

"दळवी म्हणाला होतात ना?"

"दळवीच आहेत. दापोलीचे. सरफराज दळवी."

"फोनवर पूर्ण नाव नाही विचारलंत?"

"गाव विचारलं. आंबे मिळतील का, तेही विचारलं."

"आता तुम्हीच सांगा त्यांना. मला असलं बोलायला कसंतरीच होतं."

मधुकरराव परत आले. फ्लॅटची किल्ली खिशात होती. वाजू नये म्हणून त्यांनी ती मुठीत धरली.

"सॉरी हां, दळवी. मालकांचा आत्ताच फोन आला. त्यांचा भाचा येतोय राहायला."

दळवींची तळोज्याच्या कारखान्यात बदली झाली होती. पंधरवडाभर ते घरंच बघत होते.

"भाचा का?" ते शांतपणे म्हणाले. "वाशीला पुतण्या होता."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"हो अब्बा, तेच. फोटोतले काका. सांगते." त्या मधुकररावांकडे वळल्या. "अब्बा सलाम सांगतायत. म्हणतात, अशा माणसाच्या बिल्डिंगमध्ये राहणार, आता मला पोरांची काळजी नाही."

मधुकररावांनी नमस्कार केला. फोनला.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग फोन कानाशी घट्ट धरून म्हणाल्या,

"नाही अब्बा, हे घर नाही घेत आहोत आम्ही. नाही, नाही, माणसं फार चांगली आहेत. भिंतींना ओल आहे."