पौर्णिमा तुझी

"अमावास्या दुर्बिणीची, पौर्णिमा तुझी," असं सुधन्वाने लग्नानंतर रेवतीला सांगितलं होतं. अंतराळातले गॅमा किरण हवेवर आदळले की क्षणभर निळसर उजेड चमकतो आणि लडाखमधली त्यांची दुर्बीण तोच टिपते. तो इतका फिका असतो, की भर चांदण्यात दुर्बीण बंदच ठेवावी लागते. तो हे रंगात येऊन सांगायचा, रेवती नुसतं 'हं, हं' करायची. त्याला वाटायचं, हिच्या डोक्यावरून जातंय.

यंदा कोजागरीला सरोजिनी नगरच्या क्वार्टर्सच्या गच्चीवर ती मसाला दूध पेल्यांत ओतत होती, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"सॉरी यार, नाही येता येणार. आज रात्रभर ऑब्झर्व्हेशन आहे. दुर्बिणीपासून हलताच येणार नाही."

"अच्छा," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि त्याच्यासाठी भरलेला पेला पुन्हा पातेल्यात रिकामा केला.

शेजारच्या विजयाकाकू वर बघत म्हणाल्या, "दिल्लीच्या या धुरातूनही चंद्र किती लख्ख दिसतोय गं!"

 

"लडाखला तर याहून लख्ख असेल, काकू," रेवती म्हणाली.