कोऱ्या कागदावरचं भोक

मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीआधी मी रायफलीवर नवी दुर्बीण बसवली. खडीच्या खाणीत छान ऊन पडलं होतं. आइमो दाजी शेकोटीवर सॉसेज भाजत होते.

रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती खिट्टी, काढून मी आधी नळीतून पाहिलं. समोरचा निशाण्याचा कागद कोरा होता. दुर्बिणीतून मात्र मधोमध एक भोक दिसलं. मी दाजींना तसं सांगितलं.

"माशी बसली असेल. मार गोळी," दाजी म्हणाले.

गोळी त्याच जागी लागली.

"पहिल्याच गोळीत? तुझ्या ताईला सांगतो, भाऊ कामाचा निघाला."

माणूस निशाण्याकडे निघाला की आमच्यात बोल्ट बाहेर काढतात, म्हणजे गोळी सुटूच शकत नाही. मी तो खिशात टाकला. दाजी शीळ घालत कागद आणायला निघाले. मी सहज पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

दाजींच्या नारिंगी जाकिटावर, पाठीच्या मधोमध तसंच भोक होतं. त्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं.