काठावरच्या चपला

नाशिकजवळच्या त्या तलावावर मे महिन्यात पोहायला झुंबड उडायची. चारनंतर वारा सुटला की ते पाणी दगा द्यायचं, म्हणून जीवरक्षक नजीर त्याआधीच शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढायचा. काठावर एकही चप्पल उरली नाही, म्हणजे सगळे सुखरूप परतले, ही त्याची खूण. बारा वर्षांत ती कधी चुकली नव्हती.

आजही शिट्टी झाली. पोरं कुरकुरत बाहेर आली, चपला घालून गेली. काठ मोकळा झाला. नजीरने समाधानाने पाण्याकडे पाहिलं.

मध्यावर एक डोकं होतं.

ते बुडत नव्हतं, पोहतही नव्हतं. वाऱ्याने लाटा उठल्या होत्या, पण त्याच्याभोवतीचं पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट होतं.

“कलाबाई, आज कुणी अनवाणी आलं होतं का?” त्याने काकड्या विकणाऱ्या बाईला विचारलं.

“या उन्हात? मुरमावर पाय नाय भाजायचे, नजीरभाऊ?” टोपली आवरत ती म्हणाली. मग तिने वर पाहिलं, आणि टोपली तिथेच टाकून रस्त्याकडे चालू लागली.

नजीरने टायरची ट्यूब उचलली. सवयीने शिट्टी ओठांत गेली आणि वाजलीही.

डोकं वळलं.

पाण्यात कुणीही असो, शिट्टी ऐकली की बाहेर यायचं, हा नियम त्यानेच घालून दिला होता.

ते काठाकडे येऊ लागलं. पोरांना जिथे गुडघाभर पाणी लागतं, तिथवर आलं. तरीही पाण्यावर फक्त डोकंच होतं.