हत्तीच्या पोटाखाली

दोघी बाया हत्तीच्या पोटाखाली वाकून मोबाइलच्या उजेडात काहीतरी शोधत होत्या. लॉजच्या गल्ल्यावर बसलेल्या जगदेवला ते बिलकूल आवडलं नाही. नवा रस्ता झाल्यापासून शेलूबाजारजवळच्या या जुन्या हायवेवर गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. यायचे ते पाडकामासाठी मोजमाप करणारे. लॉज गेलं तरी त्याला चाललं असतं. पण हत्ती? जीपवाले आजही 'सिमेंटच्या हत्तीपाशी' म्हणूनच माणसं उतरवत. आणि हत्ती त्याच्या बापानं केलेला.

"ओ बाई! काय शोधून राह्यल्या तिथं?" तो तरातरा बाहेर आला. "फोटो काढाचा नाई. कोन्या हापिसातून आल्या?"

"हापिसातून कायची?" म्हातारी कंबर धरून सरळ झाली. "मी आसेगावची गंगू. हे माही नात, धम्मदीपा."

"आडनाव?"

"नातीचं नाव सांगतलं ना. त्याच्यात समदं आलं."

जगदेव जरा ओशाळला, पण संशय काही हटला नाही. "मंग हत्तीपाशी काय काम?"

"हा हत्ती म्या केला. नातीले खरं वाटत नाई."

जगदेव मोठ्यानं हसला. "माह्या बाबानं सोताच्या हातानं केला हा. आख्ख्या शेलूबाजारले इचारा!" चाळीस वर्षं तो उतरणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत आला होता.

गंगूनं वाद घातला नाही. तिनं उजवा हात पुढे केला. मधलं बोट अर्धंच होतं, लहानपणी कडबा कापताना तुटलेलं. तोच हात तिनं न बघता हत्तीच्या पोटाखाली घातला, चाचपला आणि एका जागी थांबवला.

"इथं उजेड पाड."

जगदेवही उकिडवा बसला. दर दसऱ्याला तो हत्तीला रंग द्यायचा, पण पोटाखाली कोण बघतंय म्हणून तेवढं सोडायचा. त्या कोऱ्या सिमेंटात एक पंजा उमटलेला होता. मधलं बोट आखूड.

धम्मदीपा आजीला बिलगली. जगदेवनं बसल्या बसल्याच मान वर केली.

"म्हंजे बाबा खोटं बोलला?"

"खोटं कायले? त्याचेबी हात लागले ना," गंगू म्हणाली. "सिमिट कालवाले पानी लागे. तुमच्या इहिरीवर आमाले चढू देत नोते. त्यालेच शेंदून आनाव लागलं."